रेडिओ लहरींतून सूर्य : बेळगाव-खानापूर-निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावोगावच्या विज्ञान प्रदर्शनांत, गणेशोत्सवातल्या व्याख्यानांनंतर आणि व्हॉट्सॲपवर आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत हायस्कूलची मुलं आहेत, त्यांचे पालक आहेत, रेडिओ दुरुस्त करणारे जुने जाणकारही आहेत. आमचं म्हणणं एवढंच की सूर्याचं हे शास्त्र आपल्या आवाक्यातलं आहे. त्यासाठी डोंगरावरची वेधशाळा लागत नाही, निरभ्र आकाशही लागत नाही.

रेडिओने सूर्य "बघायचा" म्हणजे नेमकं काय करायचं?

सूर्याकडून प्रकाश येतो तशा रेडिओ लहरीही येतात. अँटेना त्या पकडते, रिसीव्हर त्यांची ताकद मोजतो आणि संगणक ती नोंदवून ठेवतो. कमी वारंवारतेच्या दुर्बिणी साधारण १० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. या लहरींची लांबी ३० मीटरपासून १ मीटरपर्यंत असते. आपण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर एफ.एम. ऐकतो, तेही याच पट्ट्यात येतं. साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरींना वातावरणाच्या वरच्या थरातलं आयनांबर बाहेरच परतवून लावतं, म्हणून त्या ऐकायला अवकाशयानच पाठवावं लागतं.

फिल्टर लावलेल्या साध्या दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग दिसतात. मग हा खटाटोप कशासाठी?

डाग दिसतात ते सूर्याच्या झगमगत्या पृष्ठभागावर. तिथलं तापमान साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस असतं. त्या पृष्ठभागाच्या वर लाखो किलोमीटर पसरलेला विरळ वायू म्हणजे करोना, सूर्याचं प्रभामंडल. त्याचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे. खग्रास ग्रहणाची काही मिनिटं सोडली, तर तो नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाही, कारण खालच्या प्रकाशापुढे त्याचं तेज अगदीच फिकं पडतं. रेडिओत मात्र चित्र उलटं होतं. मीटरभर आणि त्याहून लांब लहरी पृष्ठभागावरून आपल्यापर्यंत येऊच शकत नाहीत. त्या वरच्या करोनातूनच निघतात. म्हणजे कमी वारंवारतेची दुर्बीण सूर्याकडे वळवली की रोज, दिवसभर, ग्रहणाशिवाय करोना पाहता येतो.

याच्या मुळाशी एक साधा नियम आहे. करोनात सुटे इलेक्ट्रॉन असतात. ते जितके दाट, तितकी त्या जागेची स्वतःची कंपनाची वारंवारता जास्त. एका घनसेंटिमीटरमध्ये किती इलेक्ट्रॉन आहेत तो आकडा घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ९ ने गुणायचं. उत्तर किलोहर्ट्झमध्ये मिळतं. घनसेंटिमीटरमध्ये दहा कोटी इलेक्ट्रॉन असतील तर उत्तर ९० मेगाहर्ट्झ येतं. यापेक्षा कमी वारंवारतेची लहर त्या थरातून बाहेर पडू शकत नाही. सूर्यापासून वर जावं तसा करोना विरळ होत जातो आणि ही वारंवारताही उतरत जाते. म्हणून १५० मेगाहर्ट्झवर करोनाचा खालचा भाग कळतो आणि ४० मेगाहर्ट्झवर बराच वरचा. रिसीव्हरचा आकडा खाली आणणं म्हणजे सूर्यापासून वर चढणं. हे एकदा मनात पक्कं बसलं की या विषयातलं निम्मं काम झालं.

सूर्याच्या रेडिओ लहरी पहिल्यांदा कुणी पकडल्या?

युद्धाने पकडल्या, असं म्हटलं तरी चालेल. फेब्रुवारी १९४२ च्या अखेरीस ब्रिटनच्या लष्करी रडारांवर जोरदार गोंगाट सुरू झाला. जर्मनी मुद्दाम अडथळा आणते आहे असा संशय आला. चौकशीचं काम जेम्स स्टॅनली हे (Hey) या ब्रिटिश शास्त्रज्ञाकडे होतं. वेगवेगळ्या ठिकाणच्या रडारांनी दाखवलेली दिशा त्यांनी ताडून पाहिली, तेव्हा ती सूर्याच्या मागोमाग सरकत होती आणि त्याच दिवसांत सूर्यावर एक मोठा डाग होता. युद्धामुळे हे गुपित राहिलं आणि १९४६ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जोसेफ पॉसी यांनी दीड मीटर लांबीच्या लहरींवर शांत सूर्य मोजला आणि दहा लाख अंशांचं तापमान जाहीर केलं. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या रूबी पेन-स्कॉट यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं. रेडिओ खगोलशास्त्रात अगदी सुरुवातीला मोलाचं काम केलेल्या त्या शास्त्रज्ञ.

टाइप-२, टाइप-३ असं काही ऐकतो. हे काय प्रकार आहेत?

सूर्यावर स्फोट झाला की रेडिओत अचानक उसळी येते. तिला बर्स्ट म्हणतात. पॉल वाइल्ड यांनी १९५० मध्ये ऑस्ट्रेलियात पहिले तीन प्रकार वेगळे केले आणि पुढे त्यांत दोनांची भर पडली.

हे ओळखायचे ते स्पेक्ट्रोग्रामवरून. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता आणि जिथे ताकद जास्त तिथे रंग उजळ. बेंगळुरूजवळच्या गौरीबिदनूर वेधशाळेच्या नोंदीची एखादी फाईल उघडा. काही आडव्या रेघा सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलतच नाहीत. त्या माणसांच्या प्रक्षेपकांच्या, त्या सोडून द्यायच्या. एखादी उभी रेघ सगळ्या वारंवारतांवर एकाच क्षणी उमटलेली असते. ती बहुतेक वेळा विजेची किंवा जवळच्या एखाद्या यंत्राची. आणि मग एखादी रेघ दिसते जी उभीच वाटते, पण चित्र ताणून पाहिलं की तिचा खालचा भाग किंचित उजवीकडे कललेला असतो. वरच्या वारंवारतेवर आधी आणि खालच्या वारंवारतेवर सेकंदभराने किंवा दोन सेकंदांनी उमटलेली. तो टाइप-३. सूर्यावरून सुटलेला इलेक्ट्रॉनांचा झोत प्रकाशाच्या वेगाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने वर चाललेला असतो आणि वाटेतला प्रत्येक थर आपापल्या वारंवारतेवर वाजवत जातो. तो कल आपल्या स्वतःच्या पडद्यावर पहिल्यांदा ओळखणाऱ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

टाइप-२ संथ असतो. तो काही मिनिटं चालतो आणि तिरपा उतरतो. पुष्कळदा एकाखाली एक असे दोन समांतर पट्टे दिसतात. वरचा पट्टा खालच्याच्या साधारण दुप्पट वारंवारतेचा असतो. हा आघात लहरीचा माग. सूर्यातून मोठं द्रव्य उफाळून बाहेर पडलं की बहुधा त्याच्या पुढे ही लहर चालते, त्यामुळे अवकाश हवामान सांगणाऱ्यांचं लक्ष टाइप-२ कडे जास्त असतं. टाइप-१ म्हणजे तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस चालणारं रेडिओ वादळ. ते डागांच्या गटांशी जोडलेलं असतं. टाइप-४ मोठ्या स्फोटानंतर रुंद पट्ट्यावर रेंगाळतो. टाइप-५ हा टाइप-३ च्या पाठोपाठ थोडा वेळ येतो. यू आकाराचेही बर्स्ट असतात, म्हणजे झोत वर जाऊन चुंबकीय कमानीवरून पुन्हा खाली उतरतो. ते १९५८ मध्ये ॲलन मॅक्सवेल आणि गोविंद स्वरूप यांनी दाखवले. हेच स्वरूप पुढे जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महादुर्बिणीचे शिल्पकार झाले.

बर्स्ट एवढे प्रखर कसे असतात?

कारण इलेक्ट्रॉन एकत्र हलतात. एकाने टाळ वाजवणं वेगळं आणि दिंडीतल्या सगळ्यांनी एका ठेक्यात वाजवणं वेगळं. शांत सूर्याच्या लहरी सुट्या सुट्या कणांच्या असतात, बर्स्टच्या लहरी एका ठेक्यातल्या.

वेग खरोखर काढता येतो का? की शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवायचा?

स्वतः काढा. अकरावीच्या गणितात जमतं. समजा, एक टाइप-२ बर्स्ट १०० मेगाहर्ट्झवरून ५० वर उतरायला तीन मिनिटं लागली. वर दिलेल्या नियमाने १०० मेगाहर्ट्झसाठी घनसेंटिमीटरमध्ये सुमारे १२ कोटी ३५ लाख इलेक्ट्रॉन येतात. ५० साठी त्याच्या चौथाई, म्हणजे सुमारे ३ कोटी ९ लाख. आता कुठल्या उंचीवर किती इलेक्ट्रॉन असतात याचं एक गणिती प्रारूप घ्यायचं. न्यूकर्क यांचं प्रारूप पुष्कळ वापरतात. त्याप्रमाणे पहिली जागा सूर्याच्या केंद्रापासून १.२५ त्रिज्येवर येते आणि दुसरी १.५१ वर. फरक ०.२६ त्रिज्या. सूर्याची त्रिज्या ६ लाख ९६ हजार किलोमीटर, म्हणजे अंतर झालं सुमारे १ लाख ८० हजार किलोमीटर. १८० सेकंदांनी भागा. सेकंदाला हजार किलोमीटर.

तेच अंतर टाइप-३ ने दोन सेकंदांत कापलं असेल तर? सेकंदाला ९० हजार किलोमीटर, प्रकाशाच्या वेगाच्या तीस टक्के. कागद-पेन्सिल घेऊन हे उत्तर आलं की पुस्तकातला आकडा आपला होतो.

एक पथ्य पाळा. दोन पट्टे दिसत असतील तर खालचा पट्टा धरायचा, किंवा वरच्याची वारंवारता निम्मी करायची. आणि हेही ध्यानात ठेवा की प्रारूप बदललं तर उत्तरही थोडं बदलतं.

आमच्याकडे कणकुंबी-जांबोटीला चार महिने सूर्यच दिसत नाही. पावसाळ्यात काय करायचं?

काम चालू ठेवायचं. मीटरभर लांबीच्या लहरींना ढग आणि पाऊस अडवत नाहीत. खानापूरच्या पश्चिमेला मुसळधार कोसळत असतानाही रेडिओ सूर्य जसाच्या तसा मिळतो. या भागातल्या निरीक्षकाला यापेक्षा मोठी सोय नाही. जपायचं ते केबलच्या जोडाला. तिथे पाणी शिरलं की संदेश गळतो. म्हणून जोड रबरी टेपने नीट गुंडाळा आणि केबल घरात घेण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं.

खरी अडचण येते ती वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये. दुपारनंतर ढग चढू लागले की विजांची कडकड नोंदीत भरून जाते. गडगडाट ऐकू आला की अँटेनाची केबल काढून बाहेर ठेवायची. निरीक्षण उद्याही होईल.

भारतात अशा दुर्बिणी कुठे आहेत?

आपण दोन मोठ्या ठिकाणांच्या मधोमध राहतो. दक्षिणेला, बेंगळुरूच्या उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरवर गौरीबिदनूर. तिथे भारतीय ताराभौतिकी संस्था आणि रामन संशोधन संस्था यांनी १९७६ मध्ये वेधशाळा सुरू केली. पहिली दुर्बीण इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची होती. एक हजार डायपोल, म्हणजे दोन बाजूंना ताणलेल्या तारांच्या साध्या अँटेना, काम ३४.५ मेगाहर्ट्झवर. १९९७ पासून तिथे खास सूर्यासाठीचा रेडिओहेलिओग्राफ चालतो. तो करोनाची द्विमितीय चित्रं घेतो. एवढ्या कमी वारंवारतेवर सूर्याची रोजची चित्रं घेणाऱ्या जागा जगात मोजक्याच आहेत आणि त्यातली एक आपल्याच राज्यात आहे, हे शाळाशाळांतून सांगितलं पाहिजे.

उत्तरेला, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदची महादुर्बीण, जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ती मुख्यतः दूरच्या आकाशगंगांसाठी आहे, पण सूर्याचाही वेध घेते. सूर्य तिच्यासाठी इतका प्रखर आहे की संदेश मुद्दाम क्षीण करून घ्यावा लागतो.

आणि कल्याण विसरू नका. स्वरूप यांनी १९६५ मध्ये तिथे ३२ छोट्या तबकड्या उभ्या केल्या, त्या सूर्यासाठीच. तबकड्या ऑस्ट्रेलियाने दिलेल्या होत्या. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात सूर्यापासून झाली ती अशी. त्यानंतर १९७० मध्ये उटीची दुर्बीण आली, ५३० मीटर लांब.

एकच मोठी तबकडी का नाही? एवढ्या अँटेना पसरायच्या कशाला?

बारकावा दिसण्यासाठी. लहर जितकी लांब तितकी दुर्बीण मोठी लागते. ४ मीटरच्या लहरीने सूर्यावरचा एक कलामिनिट, म्हणजे साधारण त्याच्या व्यासाचा तिसावा भाग, वेगळा ओळखायचा तर सुमारे १४ किलोमीटर व्यासाची दुर्बीण हवी. तशी तबकडी कुणी बांधू शकत नाही. पण दूर दूर ठेवलेल्या अँटेनांचे संदेश जोडून तेवढाच बारकावा मिळवता येतो. जीएमआरटीचा पसारा साधारण बेळगाव ते खानापूर एवढा आहे, ही कल्पना आमच्या मुलांना पटकन येते.

घरच्या गच्चीवरून काही पकडता येईल का?

येईल, पण अपेक्षा नेमकी ठेवा. शांत सूर्य एका साध्या डायपोलला कळत नाही. या वारंवारतांवर आपल्या आकाशगंगेचाच गोंगाट त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. दिसतात ते जोरदार बर्स्ट.

३८ मेगाहर्ट्झच्या आसपास एक छोटा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी नेमून दिलेला आहे, तिथून सुरुवात करा. डायपोलची प्रत्येक बाजू सुमारे १.९ मीटर. तांब्याची वायर, पीव्हीसी पाइपचा खांब, डिशची कोॲक्स केबल, एफ.एम. अडवणारा फिल्टर आणि यूएसबीला लागणारा एक एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकावर चालणारा छोटा रिसीव्हर. फिल्टर टाळू नका. शहरात एफ.एम.चा जोर एवढा असतो की तो रिसीव्हरला बाकी काही ऐकूच देत नाही. बेळगावात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साधारण साडेबाराला. आडवा डायपोल पूर्व-पश्चिम जाणाऱ्या सूर्याला सकाळी नऊ ते दुपारी चार चांगला धरतो, फक्त तार उत्तर-दक्षिण ताणा.

नोंदीत सेकंदा-सेकंदाला टिकटिक येते. सूर्यच आहे का?

नाही. खानापूर तालुक्यात हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर बहुतेक वेळा शेताच्या कुंपणावर असतं. गवे आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून लावलेलं झटका मशीन सेकंदाला एक झटका सोडतं आणि तारेवर कुठे गवत टेकलेलं असेल तर तिथे ठिणगी पडून रेडिओत टिक्‌ उमटते. गवत काढलं की पुष्कळदा टिकटिकही जाते. कुंपण बंद करायला मात्र शेतकऱ्याला सांगू नका, त्याचं पीक आपल्या आलेखापेक्षा मोलाचं आहे. हलक्या प्रतीचे एलईडी बल्ब, मोबाईलचे स्वस्त चार्जर, सौर पंपाचे कंट्रोलर, थ्री-फेज आली की सुरू होणाऱ्या मोटारी, खांबावरचे तडकलेले इन्सुलेटर हेही त्रास देतात. एक खूण पक्की : सूर्याचा बर्स्ट वारंवारता बदलत जातो आणि तो गौरीबिदनूरच्या नोंदीतही त्याच वेळी असतो. दोन्हींपैकी काही जुळत नसेल तर आधी घराजवळ शोधा.

आमच्याकडे गच्ची नाही, पैसेही नाहीत. मग?

मग तुम्ही सगळ्यात सोप्या वाटेवर आहात. ई-कॅलिस्टो नावाचं जगभरातल्या रिसीव्हरांचं जाळं आहे. त्यात गौरीबिदनूर आणि उटीही आहेत. त्याच्या नोंदी कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. एक फाईल पंधरा मिनिटांची, २०० वारंवारता, सेकंदाला चार नोंदी. पायथन वापरून ती उघडता येते. कॉलेजच्या लॅबमधला जुना संगणकही पुरतो. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवा. रोज एक फाईल बघायची सवय लावली तर नजर तयार होते.

व्हीएलएफचा, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेच्या लहरींचा प्रयोग काय असतो?

तोही करण्यासारखा आणि स्वस्त. इथे सूर्याच्या लहरी पकडायच्या नसतात, त्याचा आयनांबरावर झालेला परिणाम मोजायचा असतो. तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे नौदलाचा प्रक्षेपक १८.२ किलोहर्ट्झवर चालतो. बेळगावपासून सरळ रेषेत सुमारे नऊशे किलोमीटर. सूर्यावर ज्वाला भडकली की क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात, आयनांबराचा खालचा थर घट्ट होतो आणि या संदेशाची ताकद एकाएकी बदलते. लाकडी चौकटीवर गुंडाळलेल्या वायरची अँटेना आणि संगणकाचं साउंड कार्ड एवढ्यावर ते नोंदवता येतं. सूर्योदय-सूर्यास्ताला संदेश आपोआपच वरखाली होतो, ते सोडून द्या.

ग्रहणात रेडिओ सूर्यही झाकला जातो का?

पूर्ण नाही. २० मे १९४७ च्या खग्रास ग्रहणात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ब्राझीलच्या किनाऱ्यावर जहाजातून दीड मीटरच्या लहरींवर मोजणी केली. सूर्य डोळ्यांना पूर्ण झाकला गेला होता, तरी जवळजवळ चाळीस टक्के संदेश येतच राहिला. करोना चंद्रापलीकडे पसरलेला असतो, याचा तो थेट पुरावा. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना १६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण आठवत असेल. खग्रासचा पट्टा कारवार-हुबळीवरून गेला होता. त्या दिवशी काय पाहिलं, घरात काय पाळलं, हे त्यांना जरूर विचारा आणि लिहून ठेवा.

सूर्य पाहणारं भारताचं आदित्य-एल१ यान अवकाशात गेल्यावर जमिनीवरच्या दुर्बिणी कशाला?

आदित्य-एल१ वर रेडिओ दुर्बीण नाही. त्याची उपकरणं दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण, सौर वाऱ्यातले कण आणि चुंबकक्षेत्र मोजतात. कमी वारंवारतेचं काम जमिनीवरच करायचं आहे. दोन्ही नोंदी एकमेकींना पूरक आहेत.

सौर वादळाने मोबाईल बंद पडतील का? पिकांवर परिणाम होतो का?

पिकांवर नाही. जीपीएस, लघुलहरी रेडिओ आणि विजेच्या मोठ्या वाहिन्या यांवर होऊ शकतो. ६ डिसेंबर २००६ च्या रेडिओ बर्स्टने जीपीएस रिसीव्हर अडखळले होते. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानलेहून लाल ध्रुवप्रकाश दिसला. फॉरवर्ड होऊन येणाऱ्या "आज रात्री फोन बंद ठेवा" अशा मेसेजांत मात्र तथ्य नसतं.

अजून न सुटलेलं काही उरलंय का?

सगळ्यात मोठं कोडं अजून तसंच आहे. पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि त्याच्यावरचा करोना दहा लाखांचा, हे कसं? अगदी लहान लहान असंख्य स्फोट तो तापवत असावेत, असं युजीन पार्कर यांचं मत होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या (एनसीआरए) शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन दुर्बिणीच्या नोंदींतून २०२० मध्ये शांत सूर्यावर सगळीकडे लुकलुकणारे क्षीण रेडिओ ठिपके दाखवले. ते त्याच स्फोटांच्या खुणा असू शकतात. आमच्या मते येत्या काळातलं सर्वात रंगतदार काम इथेच आहे.

मुलगी मराठी माध्यमात शिकली. तिला या क्षेत्रात जाता येईल का?

येईल. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं करा. पुढे भौतिकशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअरिंग, दोन्ही वाटा चालतात. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर या तिन्ही ठिकाणी सोय आहे. संशोधनासाठी जेस्टसारख्या प्रवेश परीक्षा असतात आणि कॉलेजच्या सुट्टीत एनसीआरएमध्ये विद्यार्थ्यांना काम करता येतं. त्याची माहिती त्यांच्या संकेतस्थळावर येते. इंग्रजी वाचनाची सवय आत्तापासून लावा, कारण शोधनिबंध इंग्रजीत असतात. पण वही मराठीत लिहिली तरी काही बिघडत नाही. आमच्या नोंदी मराठीतच आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. तेव्हा तिला घेऊन जा, तिथले शास्त्रज्ञ आणि अभियंते मुलांशी मोकळेपणाने बोलतात.